मृग बहार असू शकत नाही

“समदे म्हंजे समदेच काय?”

हे विचारताना सर हातातला चहाचा कप खाली ठेवत. कप टेबलाला टेकला की आम्ही समजून जायचो, आता अर्ध्या तासाची निश्चिंती. तुम्ही सहज बोलून गेलेले असता, की अमरावतीचे सगळे ऑटोवाले लुटारू. आपण सगळेच असं बोलतो. तुमच्या गावात तुम्हीही बोलत असाल. सरांना ते चालत नसे.

“एकही बरा नाही? मंग मी एक बरा आणून दाखवला, तर तुमी वाक्य मांगं घेसान काय?”

“घेईन,” मी म्हटलं, कारण मला काम होतं.

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच एका ऑटोवाल्याला जिना चढवून आमच्या संगणक विभागात घेऊन आले. त्याने म्हणे कोणाची तरी विसरलेली छत्री घरपोच नेऊन दिली होती. आपल्याला कशाबद्दल पकडून आणलंय हे न कळून तो बिचारा दाराशीच उभा. त्याला चहा पाजला. मी सर्वांसमक्ष माझं वाक्य मागे घेतलं. मग सर त्याला सोडायला खाली गेले आणि त्याच्याच ऑटोत बसायला म्हणून भाडं विचारलं, तर त्याने दुप्पट सांगितलं. सर त्यावरही खूश होऊन वर आले. म्हणाले, “मानूस बरा, अन् भाडं दुप्पट. दोनी गोष्टी एका मानसात राहू शकतात. इरोध नाही.”

सर मूळचे मोर्शीकडचे, संत्र्याच्या घरातले. राहायला अकोल्याला, जठारपेठेत दोन खोल्यांत. केस पिकेपर्यंत त्यांनी इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये तासिका तत्त्वावर शिकवलं. म्हणजे जितके तास शिकवाल तितका पगार, आणि उन्हाळ्यात कॉलेज बंद झालं की सरही बंद. पीएचडी होती. विषय असा, की मुलाखत घेणारे नाव ऐकूनच पाणी मागवत: वर्णनात्मक तर्कशास्त्राच्या आधारे बहुमितीय विदा-भांडारांचं संकल्पनात्मक प्रारूप. मी हे पाठ केलं आहे. लग्नकार्यात कोणी सरांबद्दल विचारलं की एका दमात म्हणून टाकते आणि पंगतीकडे वळते.

आमची अमरावतीची कंपनी संत्रा उत्पादकांची. मोर्शीकडचा माल गोळा करायचा, प्रतवारी करायची, बाहेर पाठवायचा. अध्यक्षसाहेबांच्या मनात आलं की सगळ्या वर्षांची माहिती एका जागी पाहिजे, बटण दाबलं की उत्तर आलं पाहिजे. या कामासाठी सरांना वर्षभराच्या करारावर घेतलं. काम संचालक मंडळाला पसंत पडलं तर पर्मनंट, असं साहेब तोंडी बोलले. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, जठारपेठेत शिवणक्लास चालवत. लग्नापासून त्यांना माहेरचे एकच विचारत आले होते, जावई पर्मनंट झाले का म्हणून. त्या दिवशी त्यांनी शेवयांची खीर केली आणि सरांच्या हाती माझ्यासाठीही डबा पाठवला.

आता काम काय होतं ते सांगते, घाबरू नका. संत्र्यांचं एक क्रेट घ्या. त्याच्याकडे तीन बाजूंनी पाहता येतं: कुठून आलं, कधी तोडलं, कोणाला गेलं. प्रत्येक बाजूला पायऱ्या आहेत. गावं मिळून तालुका, तालुके मिळून जिल्हा. दिवस मिळून महिना, महिने मिळून वर्ष. बाकीचे लोक याची चौकोनी चित्रं काढतात आणि कामाला लागतात. सर चित्र काढत आणि मग त्यातल्या एकेका रेषेचं कडक वाक्य करत. प्रत्येक गाव नेमक्या एकाच तालुक्यात असतं. कोणताही व्यापारी बागायतदार नसतो. अशी सगळी वाक्यं झाली की ती एका प्रोग्रामच्या हवाली करायची. वाक्यं आपसात भांडतात का, एवढंच तो पाहतो. सर त्याला ‘तपासनीस’ म्हणत. तुमच्या वाक्यांप्रमाणे एखाद्या प्रकारची वस्तू जगात असूच शकत नसेल, तर तपासनीस त्या नावावर लाल पट्टी आणतो.

पहिल्याच महिन्यात त्याने शकीलभाईंना लाल केलं. शकीलभाई आमचं मोर्शीचं संकलन केंद्र सांभाळतात. घरचा संत्र्याचा व्यापार आहे आणि बागही आहे. ते तावातावाने अमरावतीला आले.

“सर, मी नाही हाओ काय? मैं इधर बैठा हूँ और तुमची मशीन म्हनते, असा मानूस नाही?”

“बसा, शकीलभाई. चूक माही हाये,” सर हसत म्हणाले आणि वाक्य दुरुस्त केलं. पट्टी हिरवी झाली. शकीलभाई अस्तित्वात आल्याबद्दल त्यांच्याच पैशाने आम्ही समोसे खाल्ले.

हे तर्कशास्त्र सर घरीदारीही चालवत. अकोल्यात एका लग्नात वहिनींचे मामेभाऊ आपली मुलं कुठे कुठे साहेब आहेत ते सांगत सुटले होते. थांबेचनात. सरांनी कप खाली ठेवला.

“आमचे समदे लेकरं कलेक्टर हायेत,” ते म्हणाले.

सर आणि वहिनींना मूलबाळ नाही.

“खोटं वाटते? मंग माहं एक तरी लेकरू दाखवा, जे कलेक्टर नाही.”

वहिनी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, “लेकरं कलेक्टर, अन् बाप तासिकेवर.” सगळे हसले, सर सगळ्यांत मोठ्याने. मीही हसले. घरी आल्यावर मात्र मला फार वाईट वाटलं, आणि का ते नवऱ्याला सांगता येईना.

आता मुद्द्याचं. संत्र्याला दोन बहार. ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी, तो आंबिया बहार घेतो: हिवाळा सरता सरता फूल, दिवाळीच्या आगेमागे फळ. ज्याच्या विहिरीला पाणी नाही, तो पावसाची वाट पाहतो आणि मृग घेतो: पावसाळ्यात फूल, आणि फळ नवं वर्ष लागल्यावर, फेब्रुवारी-मार्चात. आंबियावाले आणि मृगवाले एकमेकांबद्दल काय बोलतात ते मी इथे लिहिणार नाही, घरात मुलंही वाचतात. सरांच्या वडिलांची विहीर भरलेली असे. सरांनी जन्मापासून आंबियाच पाहिला. म्हणून त्यांनी मोठ्या मायेने वाक्य लिहिलं: प्रत्येक बहार नेमक्या एकाच वर्षाचा असतो, आणि त्याचं फूल व फळ दोन्ही त्याच वर्षातलं असतं. दुनियेला विचारलेला प्रश्न स्वतःला विचारायचा राहून गेला.

मृगाची माहिती शकीलभाईंच्या केंद्रावरून सगळ्यांत शेवटी आली, मंडळाच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी. ती सरांनी भरली आणि तपासायचं उद्यावर ठेवून अकोल्याची शेवटची गाडी पकडायला निघाले. शकीलभाईंनी त्यांना जिन्यात गाठलं.

“सर, एक सांगू? मीटिंगमंधी तपासनीस चालूच करू नका. मागचंच हिरवं चित्र दाखवा, चाय प्या, पर्मनंटची ऑर्डर घ्या, घरी जा.”

“न तपासता कसं दाखवू?” सर म्हणाले. त्यांना ही सूचना कळलीच नाही असं मला वाटलं. शकीलभाई माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावून गेले.

बैठकीत साहेब मधोमध, आजूबाजूला संचालक, आणि भिंतीपाशी पुण्याच्या एका कंपनीचे दोघं तरुण, त्यांचंही काम पाहायचं म्हणून बोलावलेले. सरांनी बटण दाबलं. पडद्यावर सगळं हिरवं, आणि मधोमध एक लाल पट्टी. सरांच्याच आग्रहामुळे सगळं मराठीत होतं, त्यामुळे ते वाचायला कोणाची मदत लागली नाही. ‘मृग बहाराचे क्रेट: असू शकत नाही.’

साहेब पिढीजात मृगवाले. त्यांनी चष्मा लावून पुन्हा वाचलं.

“मंग मी जनमभर काय तोडून रायलो, मास्तर?”

दुसरा कोणी असता तर घाम पुसत काही सबब सांगत बसला असता. सर पडद्याजवळ गेले, वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की पाहवेना.

“सापडली,” ते म्हणाले. “साहेब, पाहा किती सुंदर पकडली त्यानं. हे वाक्य मीच लिहिलं. माहीच चूक. फूल या वर्षात, फळ पुढच्या वर्षात, अन् मी म्हनलो दोनी एकाच वर्षात. मंग असं क्रेट कोठून येईन?”

“तुमच्या बाबाच्या वावरात विहीर होती ना?” साहेबांनी विचारलं.

“होती की. भरपूर पानी.”

“तेच म्हनतो मी. आंबियावाल्यानं मृग पुसून टाकला.”

“पुसला नाही, साहेब. पुसला जात होता, यानं धरला. मले दोन दिवस द्या. बहाराचा रस्ता वर्षापासून वेगळाच काढतो. दिवस महिन्यात जाईन, महिना वर्षात, पण बहार वर्षात कोंबाचा नाही.”

कोणी ऐकत नव्हतं. मंडळाने एकच ऐकलं होतं, ‘माहीच चूक’. भिंतीपाशी बसलेल्यांतला एक नम्रपणे म्हणाला, “सर, आमच्या सिस्टीममध्ये असा प्रॉब्लेम येतच नाही.” ते खरंच होतं. त्यांची सिस्टीम कोणालाच कशालाही नाही म्हणत नसे. ठराव त्याच दिवशी झाला, काम पुण्याला गेलं आणि सरांचा करार तिथेच थांबला.

मागितलेले दोन दिवस सरांना कोणी दिले नाहीत, पण ते घेऊन मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला हजर.

“सर, ठराव झाला,” मी म्हटलं.

“झाला न. पन हे असं चुकीचं ठेवून कसं जाऊ, ताई?”

दोन दिवस बसून त्यांनी नवं चित्र काढलं, बहाराचा रस्ता वेगळा केला, वाक्यं लिहिली, तपासनीस चालवला. सगळं हिरवं. मृगही हिरवा, आंबियाही. पाहायला मी आणि शिपाई. सर थोडा वेळ पडद्यापुढे उभे राहिले. मग पिशवी उचलताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमच्या वहिनीले तुमी सांगता काय? मले नाही होत.”

दोन दिवस त्यांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं. मी दुपारी फोन केला, जमेल तसं सांगितलं. पलीकडे शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं. वहिनींनी एवढंच विचारलं, “जेवले काय ते?”

अशा लेखांत माणूस शेवटी मरतो, हे मलाही माहीत आहे. सर मेलेले नाहीत. पुसदला आहेत, एका कॉलेजात, तासिकेवर. वहिनीही क्लास बंद करून तिकडे गेल्या. आमच्या विभागात आता कोणीही काहीही बोलतं. सगळे नेते चोर, सगळ्या सुना वाईट, सगळे पुणेकर शहाणे. कप कोणी खाली ठेवत नाही, चहा गरम संपतो, आणि मला त्या माणसाची इतकी आठवण येते की मी कधीकधी मुद्दाम उठून बाहेर जाते.

यंदा फेब्रुवारीत मी मोर्शीच्या केंद्रावर गेले होते. मृगाचा माल येत होता. सकाळीच तोडलेला, देठाला पानं तशीच हिरवी. शकीलभाईंनी मला पडद्यापाशी बोलावलं आणि क्रेटची आजची तारीख टाकून दाखवली. पुण्याच्या सिस्टीमने ती मुकाट्याने बदलून एकतीस डिसेंबर केली. फूल गेल्या वर्षातलं, आणि ते वर्ष तिथे संपतं ना. लाल वगैरे काही झालं नाही.

“ताई, आता आमच्या इकडचा समदा मृग एकाच दिवशी तुटते,” शकीलभाई म्हणाले. “एकतीस डिसेंबरले.”

मला वाटलं, हे सरांना सांगायलाच हवं, ते खूप हसतील. तिथूनच फोन लावला. सगळं सांगितलं. ते हसले नाहीत.

“कोनाच्या ध्यानात नाही आलं?” त्यांनी विचारलं.

“आलं, सर. सगळ्यांच्या आलं.”

“साहेबाच्याही?”

“त्यांच्याही. ते म्हणतात, बेरीज तर येते ना.”

“बरं ताई,” सर म्हणाले, “घंटी झाली. माहा तास हाये.”

आणि त्यांनी फोन ठेवला. घंटी मला ऐकू आली नव्हती. रविवार होता.