दोन झडपा होत्या

१९९८ साली माझ्या पत्नीच्या हृदयाची झडप मुंबईत बदलली. कोणती बसवायची ते डॉक्टरांनी ठरवलं, असं मी आमच्या गावी, मांडवीत, सगळ्यांना सांगत आलो. तिलाही तेच सांगितलं. ते खोटं होतं. ठरवलं मी.

डॉक्टरांनी मला दोन प्रकार सांगितले होते. धातूची झडप जन्मभर टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची आणि दर महिन्याला रक्त तपासायचं. दुसरी गाईच्या हृदयाभोवतीच्या पडद्यापासून केलेली. तिला ती गोळी सहसा जन्मभर लागत नाही, पण दहा-पंधरा वर्षांत ती झिजते, मग पुन्हा शस्त्रक्रिया.

"त्यांना विचारून उद्या सांगा," डॉक्टर म्हणाले.

ती वरच्याच मजल्यावर होती. मी जिना चढलो नाही. "आमच्याकडे सोवळं असतं, गाईचं चालायचं नाही," असं तिथल्या तिथे सांगून मोकळा झालो. खरं तर तिची छाती पुन्हा उघडायची, हा विचारच मला सोसत नव्हता.

झडप उत्तम चालली. शेजारी बसलं की टिकटिक ऐकू यायची. "पाळतीला घड्याळ बसवलंत हो माझ्यात," ती म्हणायची. पण केळशीला, तिच्या माहेरी, रक्त तपासायची सोय नव्हती. पूर्वी आंब्याच्या दिवसांत दीड-दोन महिने राहणारी ती, आता तिसऱ्या आठवड्यात मी दारात दिसलो की मुकाट्याने पिशवी भरायची.

"जावईबापू, राहू दे की चार दिवस," सासूबाई म्हणायच्या.

"तपासणी आहे," मी म्हणायचो.

काही वर्षांनी तपासणीच्या रांगेत, साखर बघायला आलेल्या एका बाईंनी तिला स्वतःच्या गाईच्या झडपेबद्दल सांगितलं. रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, "अहो, माझ्या वेळी नव्हती का हो ती?"

"नव्हती."

"असती तर तीच घेतली असती. शेण काढत वाढले मी, मला गाईचा कसला विटाळ?"

"दहा वर्षांनी परत कापलं असतं."

"तेव्हाचं तेव्हा. तोवर आईकडे राहून तरी झालं असतं."

मी रिक्षावाल्याला घराचं वळण दाखवलं.

पुढे ती न्यूमोनियाने गेली. झडप शेवटपर्यंत शाबूत होती.

आंबा उतरायला लागला की अजून मला वाटतं, ती केळशीलाच गेली आहे. राहा गं हवं तितकं. या खेपेला मी न्यायला येत नाही.