शर्मिलाताईंची खात्री

आठवणीच्या बाबतीत शर्मिलाताईंशी पैज लावायला कुणी धजत नसे. अहो, बारा वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या त्या. मार्केट यार्डातल्या निम्म्या आडत्यांचे नंबर तोंडपाठ. आडत्याने नुसतं ‘हॅलो’ म्हणायचा अवकाश, बाई नागपूरच्या संत्रेवाल्याला जोडून मोकळ्या. पुढे कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ आले, कॉल जोडायचे बोर्ड भंगारात गेले आणि ताईंना बिलांच्या खिडकीवर बसवण्यात आलं. पाठ असलेले नंबर मात्र डोक्यातून कुणी काढून घेतले नाहीत.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांत त्यांनी लेकीचं डोकं खाऊन टाकलं. लेक पूर्वा हिंजवडीला आयटीत. तिने एक दिवस आईच्या मोबाइलवर कसलंसं अ‍ॅप टाकलं, कानात इअरफोन खुपसले आणि म्हणाली, “आई, हे ऐक आणि मला माझी मीटिंग करू दे.”

परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठात रेकॉर्ड केलेले तास होते ते. मन चालतं कसं, माणूस शिकतो कसा, विसरतो कसा. तुम्ही म्हणाल, या बाईला काय कळणार? ज्या बाईने खरखरत्या लाइनवर मद्रास, कलकत्ता आणि दुबई ऐकलं, तिला त्या प्राध्यापकाचे उच्चार म्हणजे किस झाड की पत्ती. भाजी निवडताना एक तास, फिरायला जाताना एक तास. महिन्याभरात त्या सोसायटीतल्या बायकांना लक्ष आणि सवय यांवर फुकट व्याख्यानं देऊ लागल्या.

सगळं पटत होतं. आठवणींवरचा तास तेवढा पटला नाही. प्राध्यापक सांगत होता, आठवण कपाटातल्या फायलीसारखी जशीच्या तशी राहत नाही. दर वेळी काढली की नव्याने जुळवली जाते, आणि जुळवताना आपण थोडं पदरचं घालतो. वर म्हणे, माणसाला खात्री आहे म्हणून ते खरंच असेल असं धरता येत नाही. ताईंनी इअरफोन काढून टेबलावर आपटले. “लोकांचं होत असेल तसं,” त्या म्हणाल्या.

चिडायला कारण होतं, आणि ते धायरीत राहत होतं. थोरला भाऊ, सुखदेव. त्र्याण्णवच्या मे महिन्यात वडील, म्हणजे आबा, बार्शीकडच्या गावी वारले. सुखदेव त्यांच्यापाशी होता, ताई इथे बोर्डवर. दुसऱ्या दिवशी गावाकडचे कचरूकाका स्वारगेटला उतरून खबर घेऊन आले, तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मुलीसाठी थांबणं दूरच, साधा फोनही नाही. ताई गावी गेल्या, चारचौघांत भावाला नाही नाही ते बोलल्या आणि वडिलांच्या जलदान विधीलाही न थांबता परतल्या. “फोन केला होता,” एवढंच तो म्हणाला. पुढे तो पोटासाठी पुण्यातच आला, तरी सव्वीस वर्षं बहीणभावाने एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. फोन आला नव्हता, ही ताईंच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ.

आणि आता सुखदेवच्या मुलाच्या, प्रज्ञेशच्या, लग्नाची पत्रिका आली होती. पाकिटावर अक्षर भावाचं. न जावं तर दार कायमचं बंद, दादाने पासष्टी ओलांडलेली. आणि जावं तर मनात तो राग ठेवून मांडवात कसं बसायचं? ताईंनी तो तास पुन्हा ऐकला. मग तिसऱ्यांदा ऐकला. मग उल्काला फोन लावला.

उल्का त्यांच्या शेजारच्या बोर्डवर बसायची. राहणार सदाशिव पेठ, त्यामुळे साखरेत घोळून बोलायचा प्रश्न नाही. एक्स्चेंजचा नियम असा की बोर्डवरच्या बाईला घरचा फोन द्यायचा नाही. तो सुपरवायझरच्या टेबलावर यायचा. जी मोकळी असेल तिने निरोप घ्यायचा आणि त्या बाईची ड्युटी सुटली की मग सांगायचा. दुःखाचा असला तरी.

“तुझ्या भावाचा निरोप मीच घेतला होता,” उल्का म्हणाली. “तुला सांगितलाही. सुटताना, जिन्यावर.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तू विचारलं नाहीस. तू फक्त सांगायचीस.”

“तुला पक्कं आठवतंय?”

“म्हणजे काय! तू निळी साडी नेसली होतीस.”

ताईंकडे तेव्हा एकही निळी साडी नव्हती. निदान त्यांना तसं वाटत होतं. ‘वाटत होतं’ हे शब्द मनात आले मात्र, त्यांना तो प्राध्यापक आठवला. उल्का सांगायची विसरली असेल आणि जिना तिने मागून जुळवला असेल. किंवा खरंच सांगितलं असेल आणि ताईंनीच ते पुसून टाकलं असेल. कुठलं खरं, ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. पण फोन आला होता. एकमेकांना कधी न भेटलेली दोन माणसं तेच सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या धायरीला गेल्या. मैनावहिनी दार उघडून बाजूला झाली. दादा पत्रिकांवर नावं घालत होता. सवयीने “जयभीम” म्हणाला आणि मग नीट पाहिलं.

“दादा, तुझा फोन आला होता,” ताई उभ्यानेच म्हणाल्या. “निरोप मला मिळाला की नाही, ते आता सांगता येत नाही. मिळाला नाही असं मला आठवतं. पण माझ्या आठवणीवर माझाच भरवसा राहिला नाही.”

दादाने पेनाला टोपण लावलं. “मला वाटायचं, निरोप मिळाला पण तुला यायचं नव्हतं. फोनवरच्या त्या बाई म्हणाल्या होत्या, सांगते. म्हणून मी सगळ्यांना अडवून धरलं. मे महिन्याचं ऊन, माणसं ओरडायला लागली. मी म्हटलं, मुलगी यायचीय. पुण्याची शेवटची एसटी येऊन गेली, तेव्हा आबांना उचललं.”

हे ताईंना ठाऊकच नव्हतं. यात विसरण्यासारखं काही नव्हतं, कारण त्या दिवशी त्यांनी दादाला बोलूच दिलं नव्हतं. त्या खाली बसल्या आणि मोठ्याने रडल्या. दादाने थांबवलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “किती वाजता आली होती ती एसटी?”

“सव्वासहाला,” दादा म्हणाला.

“साडेपाचला,” वहिनी आतून म्हणाली.

दोघं वाद घालत राहिले आणि ताई त्यांचं ऐकत बसल्या.