बुवांचं विलायती मंडळ

"सुमा, तां बंद कर! ह्यां गाणां न्हय, पत्र्यार पडलेलो नारळ तो!"

आमचं घर आणि भिकाजीबुवांचं घर यांच्यामध्ये कमरेएवढा दगडी गडगा. कॉलेजात असताना मी एका जुन्या इंग्रजी रॉक बँडच्या कॅसेटी लावायचे आणि गडग्यापलीकडून ही आरोळी यायची. पुढे कॅसेटी जाऊन मोबाइल आला, माझं लग्न झालं, पण मी माहेरी आले की बुवांचा नारळ काही पडायचा थांबला नाही.

बुवा म्हणजे मसुऱ्याच्या पंचक्रोशीतलं मोठं नाव. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, भल्याभल्यांची बोबडी वळवलेली. पण सत्तरी आली आणि त्यांची बारी सुरू झाली की लोक चहाला उठू लागले. हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. "माका गाळी घाला, पण उठा नको," ते म्हणायचे. "बुवान लोकांची पाठ बघूची नाय."

मग त्यांचा मोतीबिंदू काढला. ओरडायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. बुवा काळा चष्मा लावून पडवीत बसलेले, मी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होते आणि माझं गाणं चालू होतं. जन्मात पहिल्यांदा बुवांना ते अख्खं ऐकावं लागलं. सुरुवातीला अगदी हळू, मग चढत चढत जातं, एकदम थांबतं आणि पुन्हा सगळे मिळून तुटून पडतात.

आरोळी येईना म्हणून मीच गडग्याशी गेले. "बंद करू काय, बुवानू?"

"परत लाव."

तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी मांडीवर थाप मारली. "अगो, ह्यो तर गजर!" भजनाच्या शेवटी सगळं मंडळ टिपेला जातं, तो गजर. "ह्येंचो बुवा कोण? पखवाजी खंयचो?"

"इंग्लंडचो. आणि तो पखवाज नाय, ड्रम."

"असांदे. हात बरो आसा." मग जरा वेळाने, हळूच: "इतकी वर्सां ह्यां गडग्यापलीकडे होता, आणि मी नुसत्यो बोंबो मारी होतंय."

जत्रेला बांद्याच्या तरण्या बुवांशी बारी ठरली. बुवांनी मंडळाला तालमीत ते थांबणं शिकवलं. पखवाजी अनंता घाबरला. "लोकांका वाटतला, आमी चुकलंव."

"वाटांदे."

जत्रेत बुवांची बारी आली आणि सवयीने निम्मा मांडव चहाला उठला. अभंग चढत गेला. ऐन गजराच्या तोंडावर बुवांनी हात वर केला. पखवाज, झांजा, पेटी, सगळं बंद. चहावाल्याचा स्टो तेवढा फरफरत होता.

"म्हातारो इसारलो!" मागून कोणीतरी म्हणालं.

बुवांचा हात खाली आला आणि असा गजर उठला की मांडवाचे वासे हलले! माणसं हातातल्या चहासकट धावत परत आली. मी हात लाल होईतो टाळ्या पिटल्या. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

बांद्याच्या बुवांनी येऊन पाय धरले. "बुवानू, ही चाल खंयच्या मंडळाची?"

"आमच्या शेजारची," बुवा माझ्याकडे बघून हसले. मग मांडवाकडे हात करून म्हणाले, "तां ऱ्हवांदे. बघ, एकाची तरी पाठ दिसता?"