युगेतची खोकी, रेजाँचे क्रेट

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं म्हणतात. माझ्या बहिणीचं, युगेतचं बिऱ्हाड माझ्या पाठीवर असायचं. मी तिचा धाकटा भाऊ बेनुआ. पाठ रुंद, स्वभाव भिडस्त, त्यामुळे वर्षातला एक दिवस, जुलैची पहिली तारीख, मी माझा नसायचो.

आमच्या माँट्रियलमध्ये भाडेकरार जवळजवळ सगळ्यांचे एकाच दिवशी संपतात. मग एकाच सकाळी अर्धं गाव उरलेल्या अर्ध्या गावाच्या घरात राहायला जातं. शहाणी माणसं हे आयुष्यात चार-पाचदा करतात. युगेत दरवर्षी करायची. एका जागी खालच्या मजल्यावरचा माणूस अकॉर्डियन वाजवायचा. दुसऱ्या जागी ऊन नको त्या बाजूने यायचं. एका घरात तर नाव ठेवायला जागा नव्हती. शेजारी भले, नळाला गरम पाणी, घरमालकीण ईस्टरला स्वतः केलेलं हॅम पाठवायची. तिथून निघताना मी विचारलं, "इथे काय बिघडलं?"

"इतकं बरं असणं बरं नाही," युगेत म्हणाली.

मी सोफा उचलला.

आम्ही नऊ भावंडं दोन खोल्यांत वाढलो. युगेत सगळ्यांत थोरली. एका पलंगावर चौघी बहिणी झोपायच्या आणि कूस बदलायची तर चौघींनी मिळून बदलायची. पोरवयातच ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसली ती निवृत्त होईपर्यंत उठली नाही. आता घरी लोकांचे पडदे शिवते. स्वतःचे पडदे मात्र एकच, ते दरवर्षी नव्या खिडकीच्या मापाने कधी वर घ्यायचे, कधी खाली सोडायचे. त्यांच्या काठावर इतक्या शिवणी पडल्या होत्या की तो भाग खिडकीशिवाय नुसता उभा राहिला असता.

नव्या जागेत पहिली ती एकटी शिरायची. दार लावून घ्यायची. आम्ही बाहेर चक्री जिन्यात फ्रीज छातीशी धरून उभे. एकदा मी वैतागून विचारलं, "आत करतेस तरी काय?"

"ऐकते."

"काय ऐकतेस?"

"काही नाही. तेच ऐकते."

तर अशी बाई. आणि तिची खोकी. खोक्यांचा हंगाम फेब्रुवारीत सुरू व्हायचा. गुडघाभर बर्फातून ती वाईनच्या दुकानात जायची, एकही बाटली न घेता चार खोकी घेऊन यायची. त्यांत पुठ्ठ्याचे उभे-आडवे कप्पे असतात, पेल्यांना त्यासारखं दुसरं काही नाही. केळ्यांच्या खोक्याला बाजूने भोकं असतात, म्हणजे धरायला सोपं. कलिंगड वाजवून बघावं तसं ती खोकं वाजवून घ्यायची. आणि प्रत्येकावर जाड शाईने आत काय आहे ते लिहायची. फक्त त्यातली निम्मी ती नव्या जागेत उघडायचीच नाही. "पुढच्या वर्षी परत भरायचंच आहे, तर काढायचं कशाला?" ती म्हणायची. ती निम्मी खोकी वर्षभर बोळात रचलेली असायची. पाहुणे तिरके होऊन आत यायचे.

रेजाँला ते जमेना. रेजाँ म्हणजे तिचा नवरा. जन्मभर बस चालवली, मग डोळ्यांत मधोमध डाग आला. ड्रायव्हरला रस्त्याच्या कडा दिसून भागत नाही, मधलाही रस्ता दिसावा लागतो, असं डेपोचं मत पडलं आणि त्याला घरी बसवलं. घरी त्याने सांगितलं, "जरा धूसर आहे, एवढंच." हॉस्पिटलात मात्र त्याला मी नेत होतो, त्यामुळे खरं काय ते मला माहीत होतं. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या होत्या. नजर जाणार, हळूहळू पण जाणार. "दिसतंय तोवर घर पाठ करून ठेवा," त्या म्हणाल्या. "दार कुठे, पायरी कुठे, कप कुठे. मग पुढे निदान घरात तरी तुमचं अडणार नाही."

गाडीत बसल्यावर रेजाँ म्हणाला, "कुठलं घर पाठ करू, बेनुआ? पाठ होईस्तोवर ती बदलते."

"मग सांग की तिला."

"सांगितलं तर राहील ती. माझी कीव करून राहील. जन्मभर बरोबरीने भांडलोय आम्ही. कीव आली की भांडण संपतं. मग उरतं काय?" आणि वर मलाच दम दिला, "तोंड उघडलंस तर बघ."

मी तोंड उघडलं नाही. बोळातल्या खोक्यांना धडकून त्याच्या नडग्या काळ्यानिळ्या व्हायच्या आणि युगेत स्वयंपाकघरातून ओरडायची, "डोळे काय खिशात ठेवलेत?" त्याला समोरचं दिसावं म्हणून तो मान वळवून कडेने बघायचा. त्यावरही तिचं, "तिरकं काय बघतोस? माझ्यावर राग आहे तर सरळ बोल."

त्या वर्षी तिने तीन गल्ल्या पलीकडची जागा धरली. नेहमीसारखी खोकी जमवली. जूनमध्ये मी गेलो तर दारात प्लास्टिकच्या क्रेटची उतरंड. हिरवे, झाकणवाले, सगळे एका साच्यातले. युगेत कमरेवर हात ठेवून उभी.

"हे काय आहे?"

"क्रेट," रेजाँ म्हणाला.

"ते कळतंय मला. आले कुठून?"

"भाड्याने मागवले. सामान भरायचं, न्यायचं, काढायचं. दोन आठवड्यांनी कंपनीचा माणूस येऊन परत नेतो."

"डब्यांना भाडं? बेनुआ, ऐकलंस? आता डबेसुद्धा भाडेकरू ठेवायचे."

"पुठ्ठा ओला झाला की बूड सुटतं. मागच्या वर्षीच्या बशा आठव."

मला आठवत होत्या. त्या तीन मजले आमच्या आधी खाली पोचल्या होत्या.

"परत नेतो म्हणजे?" युगेतचा आवाज जरा खाली आला. "सगळंच काढावं लागणार?"

"सगळं."

"आणि पुढच्या वर्षी कशात भरू?"

रेजाँने वरच्या क्रेटचं झाकण लावून बघितलं. तिने मोर्चा माझ्याकडे वळवला. "तू सांग. खोकी की क्रेट?"

"मला दोन्ही सारखीच जड."

"तुला विचारणं म्हणजे भिंतीला विचारणं."

"या वेळी क्रेट," रेजाँ म्हणाला. "नाहीतर मी इथेच राहतो. नवे भाडेकरू सांभाळतील मला."

आवाज चढवलेला नव्हता. पण त्याने घर बदलण्याच्या बाबतीत काही अट घातल्याचं मला तरी आठवत नाही, तिलाही आठवलं नसावं. ती तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिली आणि तिची जमवलेली खोकी तिने पाय देऊन एकेक चपटी केली. क्रेटवर लिहायला कंपनीची मनाई होती. मग तिने पडद्याच्या उरलेल्या कापडाच्या लालभडक चिंध्या फाडल्या आणि प्रत्येक क्रेटच्या कडीला एक बांधली. "लाल चिंधी तो आपला," असं तिने रेजाँला बजावून सांगितलं. मला नाही सांगितलं. मला कोणी काही सांगत नाही, फक्त उचलायला बोलावतात.

जुलैची पहिली तारीख उजाडली ती घामाने चिंब. गल्लीत ट्रकला ट्रक लागलेले, फुटपाथवर गाद्या, आरसे, कोणाची तरी आजी खुर्चीत बसलेली. कंपनीच्या पत्रकात एक हसरा माणूस चाकांच्या पाटावरून क्रेट ढकलत नेताना दाखवला होता. त्याने आमचे चक्री जिने पाहिले नव्हते. दुपारपर्यंत पत्रकातल्या त्या माणसाला मी बऱ्याच शिव्या घातल्या. शेजारच्या दारातून एक तरुण जोडपं निघालं होतं, त्यांच्याकडेही त्याच कंपनीचे तसेच हिरवे क्रेट. रेजाँ फुटपाथवर उभा राहून दाखवत होता, "हा घे. तो घे. तो पण आपलाच." मी हमाल. दाखवलं ते उचललं.

संध्याकाळी नव्या जागेत पिझ्झा आला, बियर आली. उचलायला आलेल्यांना तेवढं द्यायचंच असतं. युगेत पेले काढायला बसली. पहिल्या क्रेटमध्ये बाळाचे मोजे निघाले. दुसऱ्यात दुधाच्या बाटल्या आणि आइस हॉकीचं हेल्मेट.

"हे कुणाचं?"

"माझं नाही," मी म्हणालो.

"पुठ्ठ्याच्या खोक्यावर माझं अक्षर असतं. तिथे हा घोळ झाला नसता. बघितलंत तुमच्या प्लास्टिकचं? सगळे क्रेट एका आईची पोरं." मग ती रेजाँकडे वळली. "आणि तू. तुला एकच काम दिलं होतं. लाल चिंधी बघायची. या क्रेटला चिंधी आहे?" तिने तो त्याच्या पुढ्यात आपटला.

रेजाँने मान जरा वळवून पाहिलं. "नाही."

"आणि याला?" तिने आमचा क्रेट त्याच्या नाकासमोर धरला. कडीला हातभर लाल चिंधी लोंबत होती.

"याला पण नाही," रेजाँ म्हणाला.

बाहेर कोणीतरी ट्रकचा हॉर्न वाजवत होतं. युगेतने क्रेट हळूच खाली ठेवला.

"रेजाँ, मी आज कुठल्या रंगाचा ब्लाउज घातलाय?"

"लग्नाला इतकी वर्षं झाली, आता कोण बघतं?" तो हसायला गेला. आम्ही कोणी हसलो नाही. मग त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "माहीत नाही गं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला माहीत होतं."

"हो," मी म्हणालो, आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते सगळं सांगून टाकलं. घर पाठ करण्याचं सुद्धा. रेजाँने मला अडवलं नाही.

ऐकून झाल्यावर युगेतने वेदीवरच्या चार-पाच पवित्र वस्तूंची नावं एकामागोमाग घेतली. आमच्याकडे शिव्या चर्चमधूनच येतात. त्यातल्या दोन माझ्यासाठी होत्या, बाकीच्या कोणासाठी ते मी विचारलं नाही. मग ती मागच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. या वेळी आतून ऐकू येण्यासारखं होतं. रेजाँ उठायला लागला. मी त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं.

तेवढ्यात जुन्या घराशेजारचा तो तरुण आमचे दोन क्रेट घेऊन आला. कंपनीला फोन करून त्याने पत्ता काढला होता. "मादाम, तुमचे पडदे आमच्याकडे आले होते. बायकोने एक लावूनही बघितला."

युगेत डोळे पुसत बाहेर आली. "बसला?"

"आखूड पडतो."

"दुमडीत अजून हातभर कापड आहे," असं सांगून तिने पडदा परत घेतला. पोरगा बिचारा हेल्मेट घेऊन गेला. जाताना त्याच्या हातावर तिने पिझ्झाचे दोन तुकडे ठेवले.

रेजाँला ज्या कीवेची भीती होती ती काही आली नाही. निदान मला दिसली नाही. दोन आठवडे संपायच्या आत युगेतने सगळे क्रेट रिकामे केले, कंपनीच्या माणसाला जिन्यातूनच परत दिले आणि रेजाँला घरभर फिरवायला सुरुवात केली. मी एकदा गेलो तर खाली रस्त्यापर्यंत आवाज येत होता. "डावीकडे, गाढवा. इतकी वर्षं बस चालवलीस आणि स्वतःच्या बाथरूमचा स्टॉप सापडत नाही?" रेजाँ उलट ओरडत होता की बाथरूम कालपर्यंत उजवीकडे होतं, तूच हलवलंस. एवढा खुशीत मी त्याला बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

हिवाळा सरला. घरमालकाचं करारवाढीचं पत्र येतं तेव्हा काही कळवलं नाही तर करार आपोआप पुढे चालू राहतो. हे युगेतला तोवर ठाऊक नव्हतं, गप्प बसायची वेळच आली नव्हती. फेब्रुवारीत मी वाईनच्या दुकानापाशी उगीच दोन चकरा मारल्या. ती काही दिसली नाही. तरी माझा विश्वास बसेना.

जुलैच्या पहिल्या तारखेला मी हातमोजे, कमरेचा पट्टा, सगळं घेऊन तिच्या दारात हजर. कोणी ये म्हणालं नव्हतं, पण येऊ नको असंही म्हणालं नव्हतं.

"काय रे?" युगेत दारातच म्हणाली. "सकाळी सकाळी?"

"आज पहिली तारीख."

"मग लोकांच्या घरी जा. इथे काय आहे?"

तरी तिने आत घेतलं. गल्लीत ट्रकांचा गोंधळ, वर सज्जात छान वारा. मी स्वयंपाकघरातली एक खुर्ची ओढून सज्जाच्या दारापाशी घेतली आणि टेकलो. इतक्या वर्षांत या तारखेला बसायला मिळालं नव्हतं.

"ऊठ," युगेत म्हणाली.

"का?"

"ती खुर्ची जिथे होती तिथे ठेव."

"अगं, चार हातावर तर आणलीये."

"ठेव म्हणते ना."

मी उठलो, खुर्ची टेबलापाशी नेऊन ठेवली. ती मागून आली, वाकून जमिनीवरची खूण पाहिली आणि खुर्ची बोटभर आणखी भिंतीकडे सरकवली. मग हाक मारली, "रेजाँ, कॉफी."

रेजाँ मागच्या खोलीतून बोळात आला. हात खिशात, तोंडाने कसलीशी धून. भिंतीला हात न लावता तो स्वयंपाकघरात वळला, मागे हात नेला आणि न बघताच खुर्चीत बसला.