नजरबादचा ‘बा’

आमच्या म्हैसूरच्या घरमालकांइतका वाचनाचा अधाशी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही; आणि त्यांच्या घरात, भिंतीवरचं पंचांग सोडलं तर, वाचायला काही म्हणजे काही नव्हतं. पुस्तकांशी त्यांचं वैर नव्हतं. पुस्तक उघडावं लागतं, एवढाच त्यांचा आक्षेप. जे आपणहून समोर येईल ते मात्र त्यांच्या तावडीतून सुटत नसे. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या पट्टीवरची मुंगीएवढी अक्षरं, लग्नपत्रिका अगदी खाली छापखान्याच्या नावापर्यंत, आणि भजी संपल्यावर भज्यांखालचा तेलकट कागद. हे सगळं ते वाचत, आणि मोठ्यानं वाचत. मनातल्या मनात वाचणं हा प्रकार त्यांना चोरून खाण्यासारखा वाटायचा.

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून आम्हीही मामा म्हणू लागलो. एकदा ते मामींबरोबर एका लग्नाला गेले. कार्यालयाच्या भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी यादी होती. मामा पहिल्या नावापासून सुरू झाले. शेवटच्या नावाला पोचले तेव्हा आत पंगती उठून खुर्च्या रचून ठेवल्या होत्या आणि मामी जेवून, आहेर देऊन, रिक्षानं घरी पोचल्या होत्या. दुसऱ्या एका प्रसंगी बसच्या आतली सूचना नीट दिसेना म्हणून ते उभ्या बसमध्ये चढले. सूचना लांबलचक होती. बस सुटली. संध्याकाळी मामा दूरच्या एच. डी. कोटे गावाहून केळ्यांचा घड घेऊन परत आले, आणि मामींनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “काय पाट्या आहेत ग तिथं! एकसुद्धा वाचलेली नव्हती!”

पुण्याहून नोकरीनिमित्त आम्ही म्हैसूरला आलो आणि बन्नीमंटपाजवळ मामांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागलो, तेव्हा आमची मनू अडीच वर्षांची होती. मामांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थिरावलेलं. शिवणकामाचा धंदा, घरात विठ्ठलाची तसबीर, बोलणं मराठी. ते मराठी मात्र असं, की एका वाक्यात निम्मे शब्द कन्नड, आणि रागावले की सगळेच. आम्ही मराठी आहोत म्हटल्यावर मामांनी घराचं भाडं सांगायच्या आधी जेवायला बसवलं होतं.

मला त्या काळात एका भीतीनं घेरलं होतं. परक्या मुलखात पोर वाढणार, शाळा इंग्रजी, बाहेर कन्नड; हिला आपली अक्षरं कोण शिकवणार? म्हणून मी पुण्याहून चित्रांच्या कार्डांचा जाड गठ्ठा मागवला आणि ऑफिसचं काम आटोपलं की तिला समोर बसवू लागलो. अ अननसाचा. मनूनं अननस कधी पाहिलेला नव्हता. ण बाणाचा. तिनं ‘ण’ चावला. मी चिकाटी सोडली नाही, आणि माझी चिकाटी जितकी वाढली तितकी तिची रड वाढली. पुढे पुढे ती कार्डंच काय, कुठलाही छापील कागद पाहिला की तोंड फिरवायची. तिची लाडकी चित्रांची पुस्तकंसुद्धा एक दिवस मला सोफ्याखाली सापडली. तिनंच ढकलून दिली होती. बायको म्हणाली, “वाचायला शिकवतोयस की वाचनाची भीती घालतोयस?” मी सोफ्याखालची पुस्तकं काढून त्यांची धूळ झटकत बसलो.

एका संध्याकाळी ऐन रडारडीत मामा जिना चढून वर आले.

“आय्यो, काय ओ तुम्ही पुण्याचे! पोरीला कशाला पीडता सुम्ने?” म्हणाले. सुम्ने म्हणजे उगाच. त्यांनी एक कार्ड उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ आणलं, उलटं केलं. “हे काय लिहिलंय?”

तेव्हा मला कळलं की मामांना मराठी वाचता येत नाही. शाळा कन्नड, घरातलं मराठी फक्त बोलण्यापुरतं. भजनी मंडळात विठ्ठलाची भजनंसुद्धा ते कन्नड लिपीत लिहून घेत.

“तुमची अक्षरं बघा,” ते कार्ड खाली ठेवत म्हणाले, “दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी लटकलेली. आमची कन्नड अक्षरं कशी मांडी घालून आरामात बसतात! लटकलेल्याजवळ मूल कशाला जाईल? चल ग पुट्टी, दूध आणू.” छोट्या मुलीला तिकडे पुट्टी म्हणतात. पुट्टी रडणं थांबवून त्यांच्या कडेवर चढली.

मग रोज संध्याकाळी हे दोघं दूध आणायला जाऊ लागले. दुधाचं दुकान कोपऱ्यावर होतं. त्यांना परत यायला दिवेलागण व्हायची. वाटेत बसथांबा होता ना! येणाऱ्या प्रत्येक बसचा फलक मामा खणखणीत आवाजात वाचत. थांब्यावरच्या चष्मा विसरलेल्या बायका त्यांच्या भरवशावर बस पकडत. “बन्नीमंटपा! नजरबाद!” आणि कडेवरून बारीक आवाजात प्रतिध्वनी, “नजलबाद!” मी गच्चीतून हे पाहायचो आणि मनाशी म्हणायचो, चला, निदान रडत तरी नाही.

पुढे मामांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस वाचायचं नाही असं बजावलं. मामांची अवस्था पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं चोरून काहीतरी टिपायला जावं तर मामी समोर उभ्या. वैतागून त्यांनी मामींना दुधाच्या पाकिटावरचं वाचून दाखवायला सांगितलं. “मला कामं आहेत,” मामी म्हणाल्या. मी तेव्हा विचारपूस करायला खाली आलो होतो. एवढ्यात मनू दुधाचं पाकीट पोटाशी धरून त्यांच्यापुढे बसली, बोट टेकवलं आणि म्हणाली, “हा-लु.”

हालु म्हणजे दूध. मामींच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

“रोजचं पाकीट आहे,” मी म्हणालो. “रंगावरून ओळखलं असेल.”

“हौदा?” मामा म्हणाले. असं होय? त्यांनी शिवणाचा खडू मागवला आणि लाल फरशीवर, एका डोळ्यानं अंदाज घेत, दोन वाटोळी अक्षरं काढली. मला त्यातलं ओ की ठो कळेना.

मनू ओणवी झाली. “बा,” ती म्हणाली.

“कुठला ग तो बा?”

“नजलबादचा!” मग बोट पुढे सरकलं. “बा... बा.” ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. वर बघून, माझ्याकडे बोट दाखवून ती ओरडली, “बाबा!”

माझ्या लेकीनं वाचलेला पहिला खराखुरा शब्द मी होतो, आणि तो मला वाचता येत नव्हता. मी खाली फरशीवर बसलो.

“कन्नड झालं हे, म्हणून वाईट वाटून घेऊ नका,” मामा घाईघाईनं म्हणाले. “शब्द मराठीच आहे ओ. बसून लिहिलाय, अष्टे.” अष्टे म्हणजे एवढंच.

मला वाईट वाटलं नव्हतं. डोळे का भरले, ते मात्र मामींना नीट कळलं असावं. त्यांनी न विचारता कॉफी आणली.

अक्षरांची खाज एकदा लागली की ती लिपी विचारत नाही. काही महिन्यांनी मनू पुण्याहून आलेलं पापडाचं पाकीट घेऊन स्वतःच माझ्याकडे आली, “हे काय लिहिलंय?” आणि मी सांगू लागलो तेव्हा शेजारी दुसरा विद्यार्थी मांडी घालून बसला होता. मामा ‘भ’ आणि ‘म’मध्ये इतका गोंधळ करत की एका पापडाच्या पाकिटावरच्या ‘भाजून खा’चं ‘माजून खा’ झालं, आणि मनू त्यांच्या पाठीवर थोपटून म्हणाली, “परवागिल्ला, मामा.” काही हरकत नाही. हा शब्दही त्यांचाच.

मागच्या वर्षी मामा-मामी मुलाकडे हुबळीला राहायला गेले. निघताना मी गाडीच्या खिडकीतून मामांचा हात धरला. बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. मामांनी सगळं ऐकायची तयारी करून माझ्याकडे पाहिलं, आणि मी सामान नीट ठेवलंय का ते विचारलं. शेवटी तेच म्हणाले, “टाकीचं झाकण लावत जा ओ. पाल पडते.” गाडी गेली.

मनू आता शाळेत जाते. तीन लिप्या वाचते, आणि खिडकीत पाय पसरून तास न् तास वाचत बसते. ओठसुद्धा हलत नाहीत. घर अगदी शांत असतं. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, “मनू, जरा मोठ्यानं वाच ना.”

“बाबा,” ती मान वर न करता म्हणाली, “मोठ्यानं लहान मुलं वाचतात.”

बरोबर आहे तिचं. मला माहीत असलेलं सगळ्यात लहान मूल सत्तरी ओलांडलेलं आहे, आणि ते हल्ली हुबळीला असतं.