गयाबाईंच्या नवऱ्याचं म्हातारपण

गयाबाईंनी माझा मोबाईल डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेला, जरासा तिरका धरून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

"हे कोन? हे आमचे न्हाईत."

माझं तोंडच पडलं. मोबाईलमध्ये त्यांचेच यजमान होते, फक्त म्हातारे केलेले. हल्ली तशी ॲप आली आहेत. तरण्या माणसाचा फोटो टाकायचा, चहा ओतेपर्यंत म्हातारा तयार. पण त्या ॲपचा म्हातारा गोरापान निघाला, दात एकसारखे, इन्शुरन्सच्या जाहिरातीत बसवावा असा. जामखेड तालुक्यात असा म्हातारा मी तरी पाहिलेला नाही.

माझा जामखेडला फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, आणि मुख्य म्हणजे गेलेल्या माणसांच्या फ्रेमा. आयुष्यभर बंडीवर वावरलेल्या माणसाला आम्ही कोट-टाय चढवतो. नवऱ्याआधी बाई गेली असेल तर तिच्या कपाळी ठसठशीत कुंकू लावतो. कुणी तक्रार करत नाही. ज्यांच्यासाठी करतो ती माणसं बघायला नसतात ना.

गयाबाईंचं काम वेगळं होतं. त्यांचा नवरा चोविसाव्या वर्षी विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला. जोडीनं काढलेला एकही फोटो नाही. होता तो सैन्यभरतीच्या वेळचा पासपोर्ट साइज, तोही गालावर अर्धा गोल शिक्का बसलेला. त्यांना आता दोघांचा एकत्र फोटो हवा होता. पण त्या सत्तरीच्या घरात आणि तो चोवीस वर्षांचा. शेजारी बसवला तर लेक वाटेल. मी म्हणालो, तुम्हाला तरुण करतो. त्यांना ते पसंत पडेना.

"माझं म्हातारपन मी बघितलंय की," त्या म्हणाल्या. "त्यांचं बघायचं राह्यलंय."

आणि घाई होती. शुगरमुळे त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक नसा फुटत होत्या. उजवा डोळा गेलेला. नगरच्या डॉक्टरांनी डाव्याचा भरवसा देता येत नाही असं सांगितलं होतं. हे मला त्यांच्या मुलीनं, छायानं, बाजूला घेऊन सांगितलं. डोळा जायच्या आत फोटो व्हायला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

ॲप फसलं म्हटल्यावर हातानं करायचं ठरलं. आता माझी एक खोड सांगतो. चेहऱ्याचं काम मी फक्त पहाटे करतो, चार ते साडेसहा. त्यानंतर दुकानाचं शटर वर गेलं की संपलं. कुणाला आधार लिंक करायचं असतं, कुणाला सातबारा काढायचा असतो, आणि दहा ठिकाणी तुटलेल्या लक्षातून चेहरा उतरत नाही. डोळ्याखालची एक सावली केसभर इकडची तिकडे झाली की दुसराच माणूस होतो. बायको म्हणते, जिवंत माणसं झोपलेली असताना तुम्ही मेलेल्यांना उठवत बसता. म्हणू दे. तरी चहाचा कप तीच आणून ठेवते.

म्हातारा करायचा म्हणजे नुसत्या सुरकुत्या ओढायच्या नसतात. गाल कुठं बसेल, कान किती लोंबेल, कपाळ कुठवर मागं जाईल हे ठरवावं लागतं. त्याला रेफरन्स लागतो, म्हणजे समोर ठेवायला कुणाचा तरी खरा चेहरा. आमच्या धंद्यात हा हिशोब सोपा आहे, मुलगा बापावर जातो. मी छायाला म्हणालो, तुझ्या आजोबांचा फोटो मिळेल का? तिनं चुलत्याच्या घरी भिंतीवर असलेल्या फोटोचा फोटो मागवून मला व्हॉट्सॲप केला. फेटा, भरघोस मिशा, खाली उतरलेल्या भुवया. झकास रेफरन्स. मी गयाबाईंना काही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच सुचलं नाही.

अठरा पहाटा गेल्या. एकेक लेअर चढवत गेलो. लेअर म्हणजे फोटोवर काचेचा कागद ठेवून त्यावर रंगवायचं, खालचा फोटो तसाच राहतो. आधी शिक्का काढला, मग गाल उतरवले, मग मिशा पांढऱ्या केल्या. शेवटच्या दिवशी स्क्रीनवरचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

गयाबाई आल्या. मी त्यांना मोठ्या स्क्रीनसमोर खुर्ची दिली. त्यांनी मान कलती करून पाहिलं, बराच वेळ. मग त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, नवऱ्यासमोर लाजल्या. मी छायाकडे बघून हसलोसुद्धा.

"हे मामंजी हायेत," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांसारखे दिसले म्हणून उठून उभं का राहायचं, हे छायाला कळेना. मलाही कळेना. मग त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. नवरा गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्यानं त्यांना चार महिन्यांच्या छायासकट घराबाहेर काढलं होतं. पांढऱ्या पायाची म्हणाला. त्या तीन दिवस गोठ्यात राहिल्या, मग माहेरी गेल्या. छायाला यातलं काही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. पोरीनं कडू कशाला व्हायचं, म्हणून. आजोबा फार आधीच वारले, एवढंच तिला माहीत होतं.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, तुमाला काय ठावं, भाऊ. पण स्क्रीनकडे त्यांनी परत पाहिलं नाही. मी फोटो बंद केला तेव्हा कुठं त्या खाली बसल्या.

मग मी विचारलं, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. यजमान कुणावर गेले होते? आईवर, म्हणाल्या. आईचा फोटो नाही, पण आईचा धाकटा भाऊ खर्ड्याजवळ एका वस्तीवर अजून आहे. मी दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवून मोटारसायकलवर गेलो. म्हातारबुवा ओट्यावर बसले होते. पाच-पन्नास फोटो काढले, बाजूनं, समोरून, हसताना. हनुवटी तीच, कानही तेच. चेहरा सापडला होता.

पुन्हा पहाटे चार. इथं माझं दुसरं चुकलं आणि ते मी कुणावर ढकलू शकत नाही. दुकान आठवडाभर बंद ठेवलं असतं तर काम पाच दिवसांत झालं असतं. पण ॲडमिशनचे दिवस होते, दाखल्यांसाठी रांगा लागलेल्या. शिवाय मनात होतं, एकदा चुकलोय, आता घाई नको, चेहरा पहाटेच करायचा. नियम म्हणजे नियम. अशा बारा पहाटा लागल्या.

नवव्या दिवशी छायाचा फोन आला. आईच्या डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. नगरला नेलं, इंजेक्शन दिलं. उजेड-अंधार तेवढा कळतो आता, ती म्हणाली. फोटो करू की थांबू, असं मी विचारलं. असलं विचारायची मला लाज वाटायला पाहिजे होती. ती म्हणाली, करा.

दोघांची जोडीची फ्रेम घेऊन मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. गयाबाई पलंगावर बसल्या होत्या. छायानं फ्रेम त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी काचेवरून हात फिरवला, तो गुळगुळीत लागला, बाकी काय लागणार.

"मामंजीवानी दिसत न्हाईत ना?"

"नाही," मी म्हणालो. "तुमच्या मामेसासऱ्यांसारखे दिसतात. हसल्यासारखे."

"बरं झालं. लाव गं छाया भितीला."

छाया खिळा आणायला आत गेली. मला वाटलं झालं, निदान एवढं तरी झालं. मी उठलो तशा त्या हळू आवाजात बोलल्या.

"भाऊ, एक सांगू का? आदी डोळं मिटलं की त्यांचं तोंड दिसायचं. तरनं, भरतीच्या टायमाचं. त्या दिवशी तुमच्या दुकानात बघितलं, तवापासनं मामंजीच दिसत्यात. ह्यो नवीन फोटो बघितला असता तर गेलं असतं ते."

मी चपला घालून बाहेर आलो. अठरा पहाटा खपून मी त्या बाईचा होता तो नवराही काढून घेतला होता.

अजूनही मी चारला उठतो. काम तेच आहे. फक्त आता ऑर्डर लिहून घेताना एक प्रश्न वाढवलाय, फोटो कुणासारखा दिसायला नको? बरेच जण हसतात. काही मात्र थांबतात, दुकानात दुसरं कोण उभं आहे ते बघतात आणि मग नाव सांगतात.