पुढच्या वर्षीची पाईपलाईन

पाणीखात्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से कधी कमी पडत नाहीत. ते टाकीतल्या गाळासारखे असतात. नोकरीत असताना दिसत नाहीत, रिटायर होऊन जरा निवांत बसलं की तळाशी जमतात, आणि कुणी एक बादली आत टाकली की सगळे वर! परवा महाडला एका लग्नात आम्ही जुनी मंडळी एकाच पंगतीत आलो. वाढप्याने पाण्याचा जग आणला आणि कुणीतरी म्हणालं, "सकपाळ मॅडमची आठवण झाली." झालं. जिलबी तशीच राहिली.

गावाचं नाव सांगत नाही, मंडळी अजून हयात आहेत. महाड आणि पोलादपूरच्या मधे कुठेतरी बसवा. छोटी नगरपालिका, सावित्रीकाठची बाजारपेठ, आणि पेठेखालून गेलेली लोखंडी मेन लाईन, आमच्या आजोबांच्या वयाची. तिला अगदी खेटून गटार. लाईन गळायची, गटार तुंबायचं, आणि पावसाळ्यात घरोघर कावीळ. मी तिथे अकाउंट्सचा क्लार्क. बजेट टाईप करायचं आणि सभेत बसून ठराव लिहून घ्यायचे, हे माझं काम. नव्वदच्या दशकात सकपाळ मॅडम इंजिनियर म्हणून आल्या. ही लाईन आपण रिटायर व्हायच्या आत बदलायचीच, एवढी एकच गोष्ट त्यांनी मनात धरली होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या हेडक्लार्कना विचारलं, मेन लाईनच्या देखभालीची योजना काय आहे?

हेडक्लार्क तंबाखू मळत म्हणाले, "फुटली की जोडतो."

"ती लाईनची योजना झाली," मॅडम म्हणाल्या. "आपली काय?"

मळलेली तंबाखू हेडक्लार्कांनी परत डबीत ठेवलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

*

मग मॅडमनी खपून तीस वर्षांचा आराखडा केला. पंप कधी थकणार, टाकीला कधी नवा गिलावा लागणार, कोणत्या वर्षी कुठल्या आळीची लाईन बदलायची, सगळं त्यात होतं. आणि त्यासाठी दर बजेटात थोडे पैसे बाजूला टाकायचे, जसे आईबाप मुलीच्या लग्नासाठी टाकतात. आराखडा सभेपुढे आला तेव्हा नगरसेवक एकमेकांकडे बघायला लागले. पाच वर्षांच्या पलीकडचं बघायची त्यांच्या डोळ्यांना सवयच नव्हती.

सगळ्यात चिडले ते अण्णा. अण्णा म्हणजे सभागृहातले सगळ्यात वयस्कर सदस्य. सत्तरी कधीच ओलांडलेली, आवाज मात्र खणखणीत. त्यांची आळी विसाव्या वर्षात गेली होती.

"म्हणजे माझ्या तेराव्याच्या आधी माझ्या आळीत नवा पाईप येणार नाय!" अण्णा गरजले.

मॅडमनी शांतपणे नकाशा त्यांच्यासमोर सरकवला आणि त्यांच्या आळीवर बोट ठेवलं.

"आधीच येईल, अण्णा. आणि त्या दिवशी गर्दी बरीच होईल, म्हणून तुमच्याकडे मोठ्या मापाचा धरलाय."

अण्णा असे हसले की त्यांना ठसका लागला. आराखड्याच्या बाजूने पहिला हात त्यांचा वर गेला. हे म्हातारं शेवटपर्यंत मॅडमच्या बाजूने राहिलं.

*

आता बाळू. बाळू आमचा व्हॉल्व्हमन, वरंधकडचा. गळक्या पाईपवर सायकलची जुनी ट्यूब आवळून बांधण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. गावाचा अख्खा पाणीपुरवठा सायकलवर चाललाय, असं आम्ही म्हणायचो.

मॅडमनी त्याला ट्यूब बांधायला मनाई केली नाही. फक्त एक लाल रंगाचा डबा दिला. जिथे ट्यूब बांधशील तिथे बाजूच्या भिंतीवर एक खूण मारायची, बस्स. कुठे किती गळतंय ते त्यांना एका नजरेत हवं होतं, म्हणजे कुठून खोदायला सुरुवात करायची ते ठरवता येईल. दिवाळीपर्यंत पेठ लालेलाल झाली.

नेमकी त्याच सुमारास हायवे रुंद होणार अशी आवई उठली होती. व्यापाऱ्यांनी खुणा पाहिल्या आणि त्यांची पाचावर धारण बसली. दुकानं बंद करून सगळे पालिकेवर! दुकानं पाडणार असाल तर आमच्या मढ्यावरून जा, वगैरे. खरं तर ह्याच लोकांनी धंदा बुडेल म्हणून पेठेत खोदायला वर्षानुवर्षं विरोध केला होता.

मॅडमनी त्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि खुणांचा अर्थ सांगितला. प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या दारातल्या खुणा मोजत असावा. शेवटी किराणावाला उठला. "मंग खोदत का नाय तुम्ही?"

एका कापडवाल्या शेठना मात्र ती खूण अपशकुनी वाटली. त्यांनी भिंतीला चुना फासून ती पुसून टाकली. आठ दिवसांत लाईन तिथेच फुटली आणि साड्यांचे गठ्ठे भिजले. दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः बाळूला शोधत पंपहाऊसवर हजर!

"बाळूशेट, आमची खूण तेवढी परत मारून द्या."

*

काम सुरू झालं. दर वर्षी थोडी थोडी लाईन बदलायला लागली, पण सरळपणे कधीच नाही. कारण आमचे अध्यक्ष. त्यांना सगळे भाऊ म्हणत. माणूस दिलदार, अडल्यानडल्याला धावणारा, पण त्यांच्या डोक्यात गावाच्या वेशीवर एक स्वागत कमान होती. दर बजेटला ते मॅडमच्या निधीकडे बघत आणि म्हणत, "पाईप काय, पुढच्या वर्षी टाकू." मी ते वाक्य इतक्यांदा ऐकलंय की टाईपरायटरवर बोटं आपोआप तिकडेच जायची.

एकदा भाऊंनी मॅडमना प्रेमाने समजावलं. म्हणाले, कमान लोकांना येताजाता दिसते. जमिनीखालच्या पाईपला मत कोण देणार? तो दिसतो का कुणाला?

"दिसला की फुटला समजायचं, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "न दिसण्याचेच पैसे आहेत."

भाऊ हसले. निधीचे अर्धे पैसे त्यांनी तरीही वळवले. मॅडमनी तेवढ्या वर्षापुरती लाईन अर्धी केली आणि उरलेली पुढच्या वर्षात चढवली. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत, आराखड्याला हात लावू दिला नाही. मला मात्र राग यायचा. घरी जाऊन मी बायकोवर ओरडायचो. ती म्हणायची, अहो, मॅडम शांत आहेत ना, मग तुम्ही का उकळताय?

*

मुंबईहून एक साहेब आमचा आराखडा तपासायला येणार होते. त्यांची शंका एकच होती. तुमच्या गावाची लोकसंख्या एवढीशी, तरणी पोरं सगळी मुंबईला, मग नवी टाकी एवढी मोठी कशाला? कागदावर साहेब बरोबर होते. मॅडमनी पत्राने वाद घातला नाही. फक्त त्यांना भेटीची तारीख दिली, गणपतीतली!

साहेब वीर स्टेशनला उतरले तेच गर्दीत चेपून. सगळे चाकरमानी त्याच गाडीला. रिक्षात एकावर एक बसून गावात पोचले. लॉजची खोली मिळाली. सकाळी साहेब आंघोळीला गेले, अंगाला साबण लावला, आणि नळ गेला. लॉजवाल्याने खालूनच आवाज दिला, "सायब, गणपतीत असंच असतंय. हिरीवर जावा."

साहेब टॉवेल गुंडाळून विहिरीवर. तिथे मुंबईकरांची ही रांग! साबण अंगावर वाळला तरी यांचा नंबर येईना.

दुपारी ऑफिसात आले तेव्हा मॅडमनी चौकशी केली, प्रवास बरा झाला ना? साहेबांनी आराखडा पुढे ओढला, टाकीचा आकडा खोडला आणि स्वतःच्या हाताने मोठा लिहिला.

*

मॅडम वर्षातून एकच रजा हमखास घेत. मार्चात चवदार तळ्यावर माणसं जमतात त्या दिवशी. बाकी ताप असो, पूर असो, मॅडम कामावर. हे सगळ्या पालिकेला ठाऊक होतं, त्यामुळे एका वर्षी भाऊंनी बजेटची सभा नेमकी त्याच दिवशी लावली. मॅडम नाहीत, अण्णा आजारी, कमान बिनविरोध! नोटीस मीच टाईप केली. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं."

सभा सुरू झाली. कमानीचा विषय येतोय तोच दार उघडलं. मॅडम आत. पांढरी साडी, महाडहून टेम्पोतून आलेल्या, पायांवर धूळ. सरळ आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

भाऊ चाचरले. म्हणाले, "आज तुमची रजा ना, मॅडम?"

"रजाच आहे. तळ्यावर जाऊन आले." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "पाण्यासाठी थांबायची आमच्या लोकांना सवय आहे, भाऊ. विसरायची नाही."

माझं पेन थांबलं होतं. भाऊंनी विषय पुढच्या सभेवर ढकलला, आणि चहा सांगितला तोसुद्धा हळू आवाजात.

*

आणि आता भैरीचा चौक. लाईन तिथे शेवटी पडली, हे सगळं गाव जाणतं. कशी पडली ते पंगतीत कुणालाच धड सांगता येईना, सगळे एकदम बोलत होते. म्हणून मीच सांगितलं.

मॅडमना रिटायर व्हायला दोनच वर्षं उरली होती. सगळी लाईन बदलून झाली होती, राहिला होता फक्त देवळासमोरचा चौक. तोच सगळ्यात वाईट. पेठेची सगळी गटारं तिथे मिळतात, आणि तेवढा जुना तुकडा राहिला तर बाकीच्या नव्या लाईनचा काही उपयोग नव्हता. पण शिमग्याला ग्रामदेव भैरीची पालखी तिथे बसते. मानकरी म्हणाले, देवाची जागा खोदायची तर देवाला विचारायला हवं. भाऊंच्या मनात कमान अजून शाबूत होती. तेही म्हणाले, विचारायला हवं.

एका सकाळी सगळे देवळात जमले. मॅडम देवळात जात नसत. त्या पायरीखाली अंगणात उभ्या राहिल्या, मी कागद घेऊन त्यांच्या शेजारी. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, चौक खोदायची परवानगी मागितली आणि देवाला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही अंगांना एकेक फूल. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

डावं पडलं.

मंडपात हलकीशी कुजबुज झाली. मी मॅडमकडे बघू शकलो नाही. इतक्या वर्षांची बाईची जिद्द त्या फुलाबरोबर खाली पडल्यासारखं मला वाटलं, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. भाऊंना मनातून बरं वाटलं असेल, पण माणूस चांगला, तेही हळहळले. पायऱ्या उतरून खाली आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, देवाचीच इच्छा नाय त्याला आपण काय करणार? पुढच्या वर्षी टाकू."

मॅडमनी वर गाभाऱ्याकडे पाहिलं.

"गुरवकाका," त्या म्हणाल्या, "तेवढं विचारून घ्या ना. पुढच्या वर्षी, शिमगा झाल्यावर."

गुरवकाकांनी भाऊंकडे पाहिलं. मानकऱ्यांनी भाऊंकडे पाहिलं. वाक्य भाऊंचंच होतं, नाही कसं म्हणणार? त्यांनी मान हलवली. काकांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पुन्हा फुलं लावली. यावेळी बराच वेळ काहीच हललं नाही. बाहेर एक कोंबडा आरवला. मग उजवं फूल सुटलं आणि घरंगळत खाली आलं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. आवाज नेहमीचा, सभेतलाच.

"दळवी, ठराव लिहून घ्या. चौकातली लाईन पुढच्या वर्षी, शिमग्यानंतर. निधी दुसरीकडे वळवता येणार नाही. सूचक, अध्यक्ष महोदय."

मी पायरीवर कागद टेकवून लिहिलं. सवयीने विचारलं, "अनुमोदक?"

मॅडमनी गाभाऱ्याकडे हात केला. भाऊंनी एकदा गाभाऱ्याकडे पाहिलं आणि सावकाश हात जोडले.